लूत, टाचणी आणि पॅरिसचे डॉक्टर

मेंढराला लूत लागली की ते दगडाला, कुंपणाला अंग घासत सुटतं. लोकर झडते, खपल्या धरतात, जनावर वाळत जातं. कारण एक किडा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हा कातडीवर राहतो. याचा भाऊबंद कातडीत बीळ पाडतो. तो डुकराला, कुत्र्याला, उंटाला आणि माणसालाही खरूज आणतो. एवढं कबूल करायला युरोपातल्या डॉक्टरांना दीडशे वर्षं लागली, दोस्तहो.

इटलीतलं लिव्होर्नो बंदर, साल १६८७. डॉक्टर बोनोमो आणि औषधं विकणारा चेस्तोनी. गरीब बाया खरजुल्या पोरांच्या अंगातनं टाचणीनं काहीतरी काढतात, तुरुंगातले गुलामही एकमेकांचं तसंच काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. जिता किडा! अंडं घालताना सुद्धा दिसला. रेडी या पंडिताला पत्र लिहून त्यांनी हे कळवलं. पण बाकी पंडितांची पोथी तीच : रक्त नासलं, अंगातला रस बिघडला.

(आपल्याकडं मेलेलं ढोर सोलणाऱ्या माणसाला कातडीचं ज्ञान असतं, असं कुण्या पंडितानं लिहिलंय का? ढोराचा आजार त्याच्या हाताला कळायचा.)

१८०९ साली जर्मनीत वाल्झ या जनावरांच्या डॉक्टरनं मेंढ्यांच्या लुतीवर पुस्तक लिहून किड्यावर बोट ठेवलं. म्हंजे मेंढराचा डॉक्टर पुढं, माणसांचे मागं. १८१२ साली पॅरिसच्या गालेसनं प्रबंधात खरजेच्या किड्याचं चित्र छापलं. ते निघालं चीजमधल्या किड्याचं! झालं, खरा किडाही खोटा ठरला. ल्यूगोल नावाच्या डॉक्टरनं ३०० फ्रँक लावले : दाखवाच किडा.

ऑगस्ट १८३४. पॅरिसचं सेंट लुई इस्पितळ. रेनुची नावाचा विद्यार्थी उभा राहिला. हा कॉर्सिका बेटावरचा. गावाकडच्या गरीब बायांना त्यानं किडा काढताना पाहिलं होतं. डॉक्टर लोक फोड फोडून पाण्यात शोधत बसायचे. किडा फोडात नसतोच. फोडाजवळ बारीक रेघ असते, तेच त्याचं बीळ. रेघेच्या टोकाला टाचणी घातली की किडा टोकावर येतो. रेनुचीनं सगळ्यांदेखत काढून दाखवला.

३०० फ्रँक त्याला मिळाले. पुस्तकांत शोध त्याच्या नावावर आहे. बाया आहेत नुसत्या 'कॉर्सिकाच्या गरीब बाया'.