मातोश्रींचें साताऱ्यास येणें

इ. स. १७१९ हें साल शाळेच्या पुस्तकांत तीन शब्दांनीं ओळखलें जातें: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेला, बादशाही सनदा घेऊन आला, दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील मराठ्यांचा हक्क कागदोपत्रीं कायम झाला, एवढें सांगून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. त्याच लष्कराबरोबर शाहूची आई साताऱ्यास आली. तिचा उल्लेख झालाच तर एका ओळींत होतो. माझें मत असें आहे कीं, ज्याच्या नांवानें हा सारा व्यवहार झाला त्या शाहूच्या लेखीं ती ओळ सनदांहून हलकी नव्हती, आणि तिच्याकडे पाहिल्यावांचून त्याच्या पहिल्या बारा वर्षांच्या राजकारणाचा उलगडा होत नाहीं.

मार्च १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, तेव्हां येसूबाई रायगडावर होत्या आणि शाहूचें सातवें वर्ष सरत आलें होतें. सारें राजकुटुंब एकाच गडावर अडकून पडल्यास राज्यच बुडेल, हें जाणून राजारामानें बाहेर पडावें व आपण मुलासह मागें राहावें, या निर्णयांत येसूबाईंचा वाटा मोठा होता. दिरास वाट करून देतांना त्यांनीं मुलाचा हक्क आणि स्वतःचें स्वातंत्र्य, दोन्ही पणास लावलीं. नोव्हेंबरांत झुल्फिकारखानानें गड घेतला, आणि मायलेक बादशहाच्या छावणींत गेलीं. तेथें औरंगजेबाची कन्या झीनतउन्निसा हिनें त्यांस मायेनें वागविलें, ही गोष्ट मराठी परंपरेनें कृतज्ञतेनें जपली आहे. पण छावणी ती छावणीच. मुलगा तंबूंतच वाढला, त्याचीं लग्नेंही तेथेंच झालीं.

१७०७ त औरंगजेब वारला. मे महिन्यांत आझमशहानें नर्मदेच्या उत्तरेस शाहूला सोडलें; आई, घरचीं इतर माणसें व सावत्र भाऊ मदनसिंग यांना मात्र ओलीस ठेवून घेतलें. युरोपच्या इतिहासांत याच्याशीं जुळणारा एक प्रसंग आहे. १५२६ त फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस स्पेनच्या बंदिवासांतून सुटला, तो आपले दोन लहान मुलगे बदलीं देऊन. बिदासोआ नदीवर बाप अलीकडे आला, मुलें पलीकडे गेलीं. स्वदेशीं पाय ठेवतांच फ्रान्सिसनें तह झुगारून दिला, आणि मुलें १५३० पर्यंत, जबर खंडणी पोंचेपर्यंत, कैदेंत राहिलीं.

शाहूनें तसें केलें नाहीं. त्याच्या सौम्यपणाबद्दल, दिल्लीच्या तख्ताशीं तो राखीत असलेल्या अदबीबद्दल आमच्या लेखकांनीं पुष्कळ नाकें मुरडलीं आहेत. परत येतांना तो खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीवर गेला, हें सांगतांना तर कित्येकांची लेखणी थरथरते. त्याच्या स्वभावांत मृदुता होती, हें मला मान्य आहे. पण १७०८ त साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेणाऱ्या या तरुणाची आई शत्रूच्या हातांत होती, ही गोष्ट हिशेबांत न धरतां त्याला भित्रा ठरविणें न्यायाचें नव्हे. इकडे ताराबाईंशीं गादीसाठीं झगडा आणि तिकडे दिल्लीस ओलीस माणसें, अशा कात्रींत सांपडलेला पुरुष तलवार किती उंच उगारणार?

म्हणून १७१८ त सय्यद हुसेनअलीशीं बोलणें झालें त्यांत स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या जोडीस मातोश्री व कुटुंब परत मिळावें, हें कलम आलें. मोबदल्यांत मराठ्यांनीं पंधरा हजार फौज व दहा लाखांची पेशकश कबूल केली. फर्रुखसियर बादशहानें हा तह मानला नाहीं. तेव्हां सय्यदाबरोबर मराठी फौज दिल्लीस गेली, आणि फेब्रुवारी १७१९ च्या अखेरीस बादशहा पदच्युत झाला. शहरांतल्या दंगलींत दीड हजारांवर मराठे कापले गेले. त्यांत नाना फडणिसाचे आजे बाळाजी महादेव भानू हेही पडले. मार्चांत सनदा झाल्या, आणि जुलैच्या आरंभीं लष्कर साताऱ्यास पोंचलें. रायगड सोडल्याला तीस वर्षें होत आलीं होतीं; पंचविशींत दुरावलेला मुलगा आईला सदतिसाव्या वर्षीं भेटला.

गेल्या मार्गशीर्षांत मी सांगलीहून आणि आईवडील पुण्याहून असे आम्ही दोन दिवसांसाठीं साताऱ्यांत एकत्र आलों होतों. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते म्हणून वडिलांस वर नेतां आलें. (१७०० सालीं बादशहानें हा गड घेऊन त्याला आझमतारा नांव दिलें होतें, हें वडिलांनींच मला ऐकविलें.) खालीं शाहूनें वसविलेलें शहर पाहत मी वरची कथा सांगत होतों. आईनें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "घरीं आल्या म्हणतोस, पण हें घर त्यांचें होतें का रे?"

प्रश्न अगदीं बिनतोड होता. येसूबाई कैद झाल्या तेव्हां राजधानी रायगड होती. साताऱ्याला तें महत्त्व राजारामाच्या काळांत, त्यांच्या पाठीमागें आलें. ज्या गडाच्या त्या महाराणी होत्या तो १७१९ त सिद्दीच्या ताब्यांत होता आणि १७३३ पर्यंत मराठ्यांकडे परत आला नाहीं. पति गेलेले, दीर गेलेले, जाऊबाई ताराबाई प्रतिस्पर्धी होऊन बसलेल्या. अशा नव्या गांवांत त्यांच्या ओळखीचा उरला तो मुलगाच.

आई आल्यावर शाहूचें धोरण एका रात्रींत पालटलें, असें मी म्हणत नाहीं. दिल्लीविषयींची अदब त्यानें शेवटपर्यंत राखली. तथापि बाजीरावाला उत्तरेकडे मोकळीक मिळाली ती १७२० नंतर, म्हणजे दिल्लीचें ओझें मनावरून उतरल्यावर, हा क्रम विसरूं नये. स्वतः शाहू मात्र सातारा सोडून मोहिमेवर क्वचितच निघाला. आमच्या शेजारचें मिरज घेण्यासाठीं १७३९ त तो जातीनें आला, याचें सांगलीकरांस अजून कौतुक वाटतें. बालपण व तारुण्य छावणीबरोबर हिंडण्यांत गेलेल्या माणसाला पुढें एका जागीं राहावेंसें वाटलें, यास आळस म्हणणारे इतिहासकार बहुधा कधीं तंबूंत राहिले नसावेत.