महाराजांची परदेशवारी

1900 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने संस्थानिकांसाठी एक परिपत्रक काढले. राजाने आपल्या राज्यात राहावे, परदेशी जायचे तर सरकारची परवानगी घ्यावी आणि जाण्याचे कारणही पटण्याजोगे असावे, असा त्याचा मथितार्थ. रोख बडोद्याकडे आहे हे जाणकारांनी लगेच ओळखले. महाराज सयाजीराव गायकवाड त्या सुमारास युरोपातच होते.

कर्झनची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. 1887 मध्ये प्रकृतीच्या कारणाने महाराज पहिल्यांदा विलायतेला गेले. निद्रानाशाने ते हैराण झाले होते आणि डॉक्टरांनी हवापालट सुचवला होता. त्यानंतर वाऱ्या सुरूच राहिल्या, त्याही चार-सहा आठवड्यांच्या नव्हेत. महिनोन्‌महिने मुक्काम पडे. कारभार दिवाणाच्या हाती आणि कागद टपालाने बोटीवरून जा-ये करणारे. पुढे तर त्यांनी इंग्लंडमध्ये हेझलमियरजवळचे टेनिसनचे ‘ऑल्डवर्थ’ हे घरच विकत घेतले. खर्चावरून प्रजेत कुरकुर होती, ती कर्झनच्या आधीपासूनच.

पण एवढ्या लांबच्या मुक्कामात माणूस रोज करतो काय? साध्या प्रवाशाला बेडेकर या जर्मन प्रकाशकाची लाल पुठ्ठ्याची मार्गदर्शिका पुरे. सकाळी गाडी पकडायची, चर्च, किल्ला, चित्रसंग्रह बघायचा, रात्री परत. टॉमस कुक कंपनीने तर हिंदी राजेरजवाड्यांच्या प्रवासासाठी वेगळे खातेच उघडले होते. शिकार, शर्यती, नाटके, जवाहिऱ्यांची दुकाने असा बहुतेकांचा ठरलेला रतीब. सयाजीराव त्यातून सर्वस्वी सुटले होते असे नाही, तरी शाळा, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि कारखाने पाहण्याची त्यांची हौस वेगळीच होती. 1901 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ मासिकात त्यांनी युरोपातल्या आणि हिंदुस्थानातल्या आपल्या दिनक्रमावर लेखच लिहिला. परिपत्रकानंतर जेमतेम काही महिन्यांनी आपला दिवस कसा जातो हे विलायतेच्या वाचकाला सांगावेसे वाटणे, यात योगायोग कमीच असावा.

मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेला आणि वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक होऊन गादीवर आलेला हा मुलगा. अक्षरओळखही उशिरा झालेली. शिकण्याची भूक त्यामुळेच टिकून राहिली असावी. वाचून दाखवायला दिमतीला माणसे असत. त्यातले एक रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याच्या नोकरीत असताना त्यांनी महाराजांबरोबर युरोप पाहिला आणि पुढे त्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या.

या पाहण्यातून काय उगवले त्याचे ठसठशीत उदाहरण बडोद्याच्या मांडवी भागात आहे. 1906 आणि 1910 मध्ये महाराज अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. कुणीही यावे, कपाटापाशी उभे राहून पुस्तक चाळावे, घरी न्यावे, आणि वर्गणी द्यायची नाही. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांनाच त्यांनी 1910 मध्ये बडोद्याला आणले. राजवाड्यातला वीसेक हजार पुस्तकांचा खासगी संग्रह देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. बॉर्डन 1913 पर्यंत राहिले. तेवढ्यात त्यांनी वर्गीकरणाची स्वतःची पद्धत बसवली आणि माणसे तयार केली. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतला मजकूर देणारे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक 1912 साली निघाले. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन कुडाळकरांसारख्यांनी काम पुढे नेले.

खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची आणि वाहतुकीचा खर्च सरकारी. गावोगावची वाचनालये उभी करण्यात मोतीभाई अमीन यांचा वाटा मोठा. हे श्रेय एकट्या महाराजांच्या पदरात टाकणे बरोबर होणार नाही. मांडवीची आजची इमारत 1931 ची. आत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे. वरून येणारा उजेड झिरपत खालच्या मांडण्यांपर्यंत पोचावा, ही त्यामागची योजना. डोक्यावरच्या काचेवर कुणी चालत गेले की त्याची सावली खालच्या पुस्तकांवरून सरकते.

ग्रंथालयाखेरीजही पुष्कळ आले. 1893 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल बडोद्याच्या बागांवर राबले आणि नंतर म्हैसूरने त्यांना उचलले. 1906 च्या दौऱ्यानंतर राल्फ व्हायटनॅक हे अमेरिकन अर्थसल्लागार आले. 20 जुलै 1908 ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली, तिच्या जुळवाजुळवीत त्यांचा हात होता. सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिले होते, ते 1906 मध्ये राज्यभर लागू झाले. विलायतेतली शाळा त्याआधीच डोळ्यांखालून गेलेली होती, पण ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानात तसे काही करायला सरकार तयार नव्हते. कर्झनच्या परिपत्रकावर याहून चोख उत्तर कुठले असणार?

चिमणाबाई महाराणींचे पाहणे निराळे. पाश्चात्त्य देशांतल्या बायका कोणकोणते धंदे करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात, याची माहिती गोळा करून त्यांनी एस. एम. मित्रा यांच्यासोबत 1911 मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. 1927 च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

सगळेच वेळेवर पोचले असे मात्र नाही. सयाजीबागेतल्या वस्तुसंग्रहालयाशेजारी चित्रसंग्रहाची इमारत 1914 ला तयार झाली. युरोपीय चित्रे निवडायचे काम लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे होते. इतक्यात महायुद्ध पेटले आणि चित्रे तिकडेच अडकून पडली. इमारत तयार होऊन सात वर्षे लोटली, तेव्हा कुठे 1921 मध्ये बडोदेकरांना ती पाहायला मिळाली.