पित्ताची वाट

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी कोणाची ना कोणाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली असेल. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साह्याने, खड्यांनी भरलेली ती पिशवी काढतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. परंतु क्वचित असे घडते की, घरी आल्यावर त्याचे पोट दुखू लागते, फुगते, ताप भरतो, अन्नावरची वासना उडते. अशा वेळी ‘शस्त्रक्रियेनंतर थोडे दुखायचेच’ असे म्हणून भागत नाही. आत पित्त पाझरत असण्याचा संभव असतो. मी वैद्य नव्हे. परंतु या पाझराचा इतिहास सामान्य माणसानेही जाणून घ्यावा असा आहे.

पित्ताशय काढून टाकण्याचे धाडस बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली प्रथम केले. पुढे शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया पोट उघडूनच होत असे. १९८५ मध्ये एरिक म्यूए यांनी जर्मनीत ती दुर्बिणीतून केली, तेव्हा त्यांच्या देशबांधवांनी त्यांची उपेक्षाच केली. १९८७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे फिलिप मूरे यांनी ती केल्यानंतर मात्र तिचा प्रसार झपाट्याने झाला. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ती भारतात आणली.

जखम लहान झाली. जोखीम मात्र त्या मानाने लहान झाली नाही. हाताचा स्पर्श गेला आणि सपाट पडद्यावरचे चित्र तेवढे उरले. मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून कापण्याचे प्रमाण आरंभीच्या वर्षांत वाढले. म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी या इजांचे वर्गीकरण केले आणि पित्ताशयाकडे जाणारी नळी व रोहिणी, या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, हा दंडक आग्रहाने मांडला.

बहुतेक पाझर याहून सौम्य असतात. कापलेल्या नळीच्या तोंडावरील चिमटा निसटतो, किंवा यकृताच्या पृष्ठभागावरची एखादी सूक्ष्म नलिका उघडी राहते. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त निर्माण करते, ते पोटात साठू लागते. सोनोग्राफीने साठा दिसतो; पाझर कोठे आहे हे पित्तमार्गात रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात कळते.

उपायाचे मर्म १८८७ मध्ये रुग्गेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्याच्या संशोधनात सापडते. पित्तनलिकेच्या मुखाशी स्नायूंचे एक वलय असते आणि त्यामुळे आत दाब राहतो, हे त्याने दाखविले. १९७४ मध्ये जपान व जर्मनी येथील वैद्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून हे वलय छेदण्याची रीत काढली. पुढे त्यातून बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसविता येऊ लागला. दाब उतरला की पित्त आतड्याची सोपी वाट धरते आणि छिद्र आपोआप मिटते. साठलेले पित्त वेगळ्या नळीने बाहेर काढतात; काही आठवड्यांनी स्टेंटही काढतात. मुख्य नलिकाच तुटली असेल, तर मात्र अनुभवी हातांनी ती आतड्याशी जोडावी लागते.

सरकारी कारभारात बरीच वर्षे घालविलेल्या मला या उपायाचे विशेष कौतुक वाटते. फुटलेला बांध लिंपण्याआधी पाण्याला त्याची वाट मोकळी करून द्यावी, हे शहाणपण त्यात आहे. पण ते वेळेवर उपयोगी पडावयाचे, तर तिसऱ्या दिवशीची रुग्णाची तक्रार घरच्यांनी आणि वैद्यांनी ऐकून घेतली पाहिजे.