हाताशी पाणी: दादर ते महाड

शनिवारी रात्री दादर स्टेशनबाहेर पाच मिनिटे उभे राहिले, तरी ट्रेकला निघालेली पोरे ओळखू येतात. पायात जाड तळव्याचे बूट, पाठीवर सॅक आणि सॅकच्या दोन्ही बाजूंच्या खिशांत पाण्याच्या बाटल्या. हल्ली काहींच्या सॅकमध्ये पाण्याची पिशवीच असते. तिची नळी खांद्यावरून पुढे येते आणि चालता चालता तोंडात धरता येते.

ट्रेकवाल्यांचा नियम साधा आहे. पाणी सॅकच्या तळाशी ठेवू नये. बाटली काढायला सॅक उतरवावी लागली, तर माणूस "पुढच्या टप्प्यावर पिऊ" म्हणत राहतो आणि शेवटी डोके धरून खाली बसतो. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. ते दोन्ही बाजूंना सारखे विभागावे, पाठीलगत असावे आणि हात मागे नेला की लागावे.

मागे आम्ही नववीच्या मुलांना रायगडावर नेले, तेव्हा आदल्या दिवशी वर्गात हेच समजावून सांगत होतो. एका मुलाने विचारले, "सर, पूर्वी बाटल्या नव्हत्या, तेव्हा लोक प्रवासात पाणी कशात न्यायचे?" मी फिरकीच्या तांब्याबद्दल सांगितले. झाकण फिरवून घट्ट बसवले की तो पाणी सांडू देत नाही. वाळवून पोखरलेल्या भोपळ्याबद्दल सांगितले. जाड कापडाच्या छागलीबद्दल सांगितले, जी गाडीच्या बाहेर टांगली की झिरपून आणि वारा लागून आतले पाणी गार होते. मुले खूश झाली. माझ्या मात्र नंतर लक्षात आले की मी अर्धेच उत्तर दिले. पाणी कशात न्यायचे हे सांगितले. पाणी बरोबर न्यावेच का लागायचे आणि नेले नाही तर काय व्हायचे, हे राहूनच गेले. ते राहिलेले उत्तर इथे लिहितो आहे.

सुरुवात मुंबईपासूनच करू. सात बेटांचे हे शहर चारी बाजूंनी पाण्यात, पण पिण्याचे पाणी विहिरी आणि तलावांपुरतेच. गिरगावाजवळचा सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. धोबी तलाव फ्रामजी कावसजी बनाजी यांनी १८३१ मध्ये स्वतःचे पैसे घालून नव्याने बांधून दिला. आज दोन्ही ठिकाणी तलाव नाहीत, नावे तेवढी राहिली. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले, पुढे १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे. त्याआधी, आणि नळ जिथे पोचला नाही तिथे त्यानंतरही, पाणी माणसाच्या पाठीवरून यायचे. तो माणूस म्हणजे भिस्ती, आपल्याकडचा पखाली.

त्याची मसक म्हणजे बकऱ्याचे अख्खे कातडे. कमावलेले, पाय बांधलेले आणि मानेच्या जागी तोंड. भरली की पंचवीस-तीस लिटर पाणी मावते. तिचा पट्टा खांद्यावरून, भार पाठीवर आणि कमरेवर, आणि तोंड काखेतून पुढे हाताशी आलेले. वादी सैल केली की धार सुरू, आवळली की बंद. आजच्या नळीवाल्या सॅकची मांडणी हीच आहे. फरक एकच. सॅकवाला आपल्या पाठीवरचे पाणी स्वतः पितो, भिस्ती ते दुसऱ्याला पाजायचा. भेंडी बाजार, नळ बाजारच्या गल्ल्यांत मसकवाले अगदी अलीकडेपर्यंत दिसायचे.

भिस्ती हा शब्द 'बहिश्त'वरून आला. बहिश्त म्हणजे जन्नत. तहानलेल्याला पाणी देणारा तो बहिश्ती. हा समाज स्वतःला अब्बासी म्हणवतो, कारण करबल्यात तान्हुल्यांसाठी मसक भरायला गेलेल्या हजरत अब्बासांशी तो आपले नाते जोडतो. चौसाच्या लढाईनंतर, १५३९ मध्ये, गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला एका भिस्त्याने वाचवले आणि बादशहाने त्याला तख्तावर बसवले, हा किस्सा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की "पखाली आहेत ते" असे आवाज खाली आणून सांगितले जाते. नाव जन्नतीचे आणि जागा दारातली. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत भिस्ती-पखाली आहेत, ते काही उगाच नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. फिरकीचा तांब्या फक्त सोयीसाठी होता का? वाटेत विहिरी होत्या, गावे होती. तरी घरचा तांब्या बरोबर लागे, कारण दुसऱ्याचे पाणी चालत नसे. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगवेगळे असे. अस्पृश्याने कोणत्या घड्याकडे जायचे, हे त्या पाट्यांवर लिहिलेले नव्हते. म्हणजे पाणी बरोबर बाळगणे हे एकाच्या बाबतीत सोवळे होते आणि दुसऱ्याच्या बाबतीत जिवाचा प्रश्न.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार मुले निघाली: भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे या बोलीवर. मुलांकडे जेवणाची शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी गुरांच्या शेणामुताने इतके घाण झाले होते की तोंडात घेववेना. रात्री जकात नाका आला. गाडीवाल्याने शिकवले, मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे कदाचित पाणी मिळेल. भीमरावांना उर्दू चांगले येत होते. ते नाकेदाराशी उर्दूत बोलले. तरीही त्याने पाणी दिले नाही, पाहिजे तर टेकडीवर जाऊन आणा म्हणाला. पाण्याशिवाय घास उतरेना. शिदोरी तशीच ठेवून मुले उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. मी रोज मुलांना उर्दू शिकवतो. त्या भाषेत एका लहान मुलाने रात्री पाणी मागितले आणि त्याला मिळाले नाही, हे वाचल्यापासून 'पानी' हा शब्द फळ्यावर लिहिताना ती रात्र आठवते. आणि वडील तिकडे तलावाच्या मजुरीचा हिशेब ठेवत होते, हे त्याहून विसरता येत नाही.

हाच मुलगा पुढे १९१२ ते १९३४ परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत राहिला. भोवती परळ-लालबागच्या गिरण्या. त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचे उष्टे बाकीच्यांना चालत नसे. इकडे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. दादरचा बोले रस्ता यांच्याच नावाचा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावरच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. आलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. शेजारी तळे भरलेले असताना ही परिस्थिती! २० तारखेला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि मागून सगळे प्यायले. नंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्याचा कोर्टातला निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.

फत्तेखानांचे नाव आपण सभांमधून घेतो आणि घ्यायलाच हवे. पण तिथेच थांबलो तर इतिहास अर्धा सांगितला जातो. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या कार्यकर्त्यांसह निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर काहींनी तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात एक दाढीवाले वृद्ध मुसलमान ओरडत आले, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? लोक गप्प झाले. शेवटी किल्ल्यात सोडले, पण आतल्या पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर एक हत्यारी शिपाई दिला.

तोंड आणि पाय धुणे! वजूला बसलेला माणूस आणखी काय करतो? त्या बुजुर्गांनी रोजा धरला होता. दिवसभर तहान म्हणजे काय हे त्यांना कळत होते आणि तरीही हे घडले. आपल्या मजहबने पाण्याला जात दिली नाही, हे खरे. आपण ती शेजाऱ्यांकडून उसनी घेतली आणि परत केली नाही, हेही खरे. ज्या समाजात भिस्त्याला सोयरिकीत खालचे धरतात, त्या समाजाने दौलताबादच्या त्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही, असे मला वाटते.

रायगडाला निघालो तेव्हा वाटेत महाडला गाडी थांबवली आणि मुलांना चवदार तळ्यावर नेले. जे वर्गात राहिले होते, ते तिथे पायरीवर बसून सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने आपल्या सॅकच्या बाजूची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि शेजारच्याला दिली. ती बाटली हातोहात फिरली. कोणी तोंड लावून प्यायले, कोणी वरून धार धरून. कोण कोणाचा मुलगा हे कोणी विचारले नाही. आज त्यांना ते सुचतही नाही आणि यासाठी कोणी तरी मार खाल्ला आहे, हे त्यांना माहीत असायला हवे.

आपल्याकडे अदब आहे की पाजणाऱ्याने सर्वांत शेवटी प्यावे. बाटली फिरून माझ्याकडे आली तेव्हा तळाशी घोटभर पाणी उरले होते. ते पिऊन झाल्यावर आम्ही सगळ्यांच्या बाटल्या पुन्हा भरल्या, सॅकच्या बाजूला हाताशी लागतील अशा लावल्या आणि गडाकडे निघालो.