वहीतील चूक आणि माणसाची पत



आजचा माझा विषय वरकरणी बँकेच्या कचेरीतला वाटेल : कर्जाच्या नोंदीतील चूक आणि ती दुरुस्त करून घेण्याचा ऋणकोचा हक्क. परंतु मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या कापूस-संत्र्याच्या मुलखात कर्जाशी कधीच संबंध आला नाही असे घर विरळाच. शिवाय 'पत' या आपल्या शब्दाला कर्ज मिळण्याची योग्यता आणि अब्रू असे दोन्ही अर्थ आहेत. खोटी नोंद या दोहोंवर घाला घालते.

वहीसंबंधी दोन कथा आपल्या संतपरंपरेत सांगितल्या जातात. तुकोबांनी धाकट्या भावाच्या वाट्याचे कर्जरोखे त्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले. देवगिरीवर जनार्दनस्वामींचा हिशेब तपासताना एकनाथांना एका पैची चूक रात्रभर जागून सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. पहिला त्याग धनकोचा होता. ऋणकोला तो मागता येत नाही. त्याला हवी असते ती नाथांची चिकाटी, आणि मुळात वही पाहावयास मिळणे.

तेच मिळत नव्हते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. त्याचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या रोख्यांवर व वह्यांवर होता. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उमटवावा, फेड केली तरी पावती मिळू नये, अशा स्थितीत जाळणे हाच एक उपाय लोकांना दिसला. पण कागद जाळल्याने हिशेब खरा होत नाही. 1879 च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायालयाला व्यवहाराची मुळापासून चौकशी करावयास लावली आणि शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा अधिकार दिला.

आपला भाग तेव्हा मध्यप्रांतात. तो कायदा येथे लागू नव्हता. येथे 1934 चा सावकारी कायदा आला. प्रत्येक ऋणकोचे खाते स्वतंत्र ठेवावे, दरवर्षी सहीनिशी हिशेब द्यावा, असे बंधन त्याने सावकारावर घातले. 1956 मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तो कायदाही येथे राहिला.

आता वही संगणकात गेली आहे. 2000 मध्ये 'सिबिल' स्थापन झाली. आज अशा चार कंपन्या आहेत. पूर्वी एका दुकानातील खोटी नोंद त्या पेठेपुरती असे. आता ती देशातील कोणत्याही बँकेपुढे उभी राहते. फेडलेले कर्ज थकीत दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे पडते. मराठी नाव हिंदी कागदांतून रोमन लिपीत जाते तेव्हा हा धोका वाढतो.

यावरील उपाय 2005 च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यात आहे. दुरुस्तीचा अर्ज कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करता येतो. निर्णय 30 दिवसांत व्हावा लागतो. 26 एप्रिल 2024 पासून, त्यापुढील विलंबाबद्दल दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. मागणी नाकारली तर कारण कळवावे लागते, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दादही मागता येते. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

तथापि एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती प्रमाणित केल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. म्हणजे लेखणी अजूनही धनकोच्याच हाती आहे. म्हणून फेडीची पावती आणि 'बाकी नाही' असा दाखला जपून ठेवणे हे ऋणकोचे खरे बळ. आणि खरी थकबाकी मात्र कोणत्याही अर्जाने पुसली जात नाही. पैसे घेऊन ती पुसून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

1875 च्या शेतकऱ्याला वही दिसत नव्हती आणि दिसली तरी वाचता येत नव्हती. आज ती पाहण्याचा हक्क आहे, आणि वाचण्याची विद्या आपल्याला या शाळेने दिली आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे : वर्षातून एकदा आपला अहवाल मागवा, ओळ न् ओळ तपासा, आणि घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांनाही तो वाचून दाखवा.