तीन हजार क्रियापदं, अधिक आणि उणे

फ्रेंच शिकताना मी 'पांसे' या क्रियापदापाशी अडखळलो. अर्थ साधा, 'विचार करणं'. पण पुढे 'आ' आला तर कुणीतरी मनात येणं, आणि 'द' आला तर त्याच्याबद्दल आपलं मत! माणसाला हे सवयीने कळतं. यंत्राला कोण सांगणार?

हे काम अंगावर घेतलं मोरिस ग्रोस यांनी. मूळचे इंजिनिअर, यांत्रिक भाषांतराच्या वाटेने भाषाशास्त्रात आलेले. १९६८ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये 'लाद्ल' ही प्रयोगशाळा उभी केली. तेव्हा चॉम्स्कींचा बोलबाला होता; सगळे व्यापक नियमांच्या शोधात. ग्रोस यांचा आग्रह वेगळा: आधी एकेक शब्द तपासू.

मग तक्ते बनले. आडव्या ओळीत क्रियापद, उभ्या रकान्यात वाक्यरचना. चालते? अधिक. नाही चालत? उणे. १९७५ च्या त्यांच्या पुस्तकात अशी सुमारे ३००० क्रियापदं आहेत. आणि हुबेहूब सारखी वागणारी जोडी? जवळपास सापडेचना! १९७९ मध्ये त्यांनी चॉम्स्कीप्रणीत व्याकरणाच्या अपयशावरच लेख लिहिला.

गंमत पुढेच आहे. गटातल्या सगळ्याच क्रियापदांना लागू असलेली गोष्ट तक्त्यात नसायचीच; ती सोबतच्या मजकुरात असायची. संगणकाला तक्ते वाचता यावेत म्हणून पुढच्या पिढीला ते रकाने भरत बसावं लागलं.

मला यातून एवढंच कळलं: आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही, यंत्राला नेमकं तेच आधी सांगावं लागतं.