कापलेल्या तलवारींची लांबी

जपानमध्ये ओकायामा इथल्या किबित्सु देवस्थानाच्या मालकीची एक तलवार आहे. ओसाफुने गावच्या नोरिमित्सु या लोहाराने ती १४४७ साली घडवली. टोकापासून मुठीत जाणाऱ्या भागाच्या शेवटापर्यंत तिची लांबी ३७७ सेंटिमीटर आणि वजन साडेचौदा किलो. नुसते आकडे वाचून डोळ्यांसमोर काही उभे राहीना, म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत मी खाकी कागदाचा रोल आणला आणि तिची बाह्यरेषा पूर्ण मापात काढायला बसलो. आमच्या बाहेरच्या खोलीची लांबी बारा फूट. कागद चार इंच उंबऱ्याबाहेर गेला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तलवारीचे वजन त्याहून किंचित जास्तच. सौभाग्यवतींनी कागद ओलांडताना एवढेच विचारले, "अहो, हे उचलायचे कोणी?"

या साध्या प्रश्नामागे मी पुढची काही वर्षे घालवली. मी शिक्षणाने इतिहासकार नव्हे. भोसरीच्या एका कारखान्यात पोलादाला पाणी देण्याच्या विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. जपानी भाषा येत नाही; तलवारीवर कोरलेली लोहारांची नावे आणि सनावळ्या ओळखण्यापुरती चित्राक्षरे तेवढी शिकलो. माझ्याकडे एकही जपानी तलवार नाही. संग्रह आहे तो कागदांचा: छापील ठसे, मापे आणि स्वतः काढलेल्या पूर्ण मापाच्या आकृत्या. पण लांब तलवारींचा शोध घेणाऱ्या संग्राहकांची वाट कुठे चुकते, हे या कागदांनीच मला दाखवले.

आधी मापाचे पाहू. जपानी शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, साधारण आपला एक फूट. त्याचा दहावा भाग म्हणजे सुन. दोन शाकूंपेक्षा लांब पाते ते कताना किंवा ताची. कताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचतात, ताची धार खाली ठेवून कमरेला टांगतात. तीन शाकूंच्या, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती ओदाची, 'मोठी ताची'. हिलाच नोदाची, म्हणजे 'रानातली ताची', असेही म्हणतात. पात्याची लांबी मोजतात ती टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. खाचेपुढचा, मुठीत जाणारा भाग, जसा कानशीच्या मागे लाकडी मुठीत बसणारा असतो तसा, त्याला नाकागो म्हणतात. तो लांबीत धरत नाहीत. नोरिमित्सुच्या तलवारीचे पाते सुमारे २२६ सेंटिमीटर आणि उरलेले दीड मीटर नाकागो. विकणारा एकूण लांबी सांगतो, घेणारा ती पात्याची समजतो; पहिली फसगत इथेच होते.

आता या महाकाय तलवारी आहेत कुठे? बहुतेक देवस्थानांत. निक्कोच्या फुतारासान देवस्थानातल्या नेनेकिरिमारुचे पाते २१६ सेंटिमीटर. नागोयाच्या आत्सुता देवस्थानातली तारो-ताची २२१ सेंटिमीटर. ती १५७० च्या आनेगावाच्या लढाईत पडलेल्या माकारा घराण्यातल्या योद्ध्याची, असे परंपरा सांगते. ओमिशिमा बेटावरच्या ओयामाझुमि देवस्थानात १८० सेंटिमीटरची एक ओदाची आहे.  सर्वांवर कडी म्हणजे यामागुची प्रांतातल्या हानाओका हाचिमान देवस्थानची १८५९ सालची तलवार: एकूण लांबी ४६५ सेंटिमीटर, वजन ७५ किलो. ही उचलायची कोणी, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. ती देवाला वाहण्यासाठीच घडवली होती. नोरिमित्सुची तलवारही त्याच जातीची, असे माझे मत आहे.

पण नवसाची म्हणून ती कमी कसबाची, असे समजू नये. माझ्या धंद्यातले लोक हे लगेच ओळखतील. लांब शाफ्ट भट्टीत आडवा ठेवून तापवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो, म्हणून आम्ही तो खड्ड्याच्या भट्टीत उभा टांगतो. जपानी लोहार पात्याला मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग कोळशात सारखे तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होऊन कडक होते आणि किंचित फुगते, पाठ मऊ राहते. तलवारीचा बाक बराचसा त्यातूनच येतो. दोन फुटांच्या पात्यालाही या क्षणी तडा जाऊ शकतो. सात फुटांचे पाते एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकाच रंगाचे लाल करायचे, ते पाण्यापर्यंत न्यायचे आणि एकदम बुडवायचे, तर कोळशाची रांग तेवढी लांब हवी, पाण्याची डोणी तेवढी लांब हवी आणि माणसेही अनेक हवीत. नेहमीची तलवार दगडावर फिरवून घासतात. इथे तलवार स्थिर ठेवून दगड फिरवावा लागतो. देवाला अर्पण होत होती ती ही सगळी मेहनत.

मग रणांगणावरच्या लांब तलवारी कुठे गेल्या? त्या होत्या, यात शंका नाही. १३३६ ते १३९२ या काळात जपानात उत्तर आणि दक्षिण अशी दोन राजदरबारे एकमेकांशी झुंजत होती. त्या युद्धांची बखर 'ताइहेइकी' पाच-सहा शाकूंच्या तलवारी पेलणाऱ्या वीरांची वर्णने करते. त्यात अतिशयोक्ती धरली, तरी वस्तू साक्षीला आहेत. फुतारासानची तोमोमित्सुने घडवलेली १२६ सेंटिमीटरची आणि ओयामाझुमिची चोकिचीने घडवलेली सुमारे १३६ सेंटिमीटरची, या दोन्ही तलवारींवर १३६६ हेच साल कोरले आहे. त्या पात्यांची ठेवण ध्यानात ठेवण्याजोगी आहे: रुंदी भरपूर, टोकाकडे फारशी न निमुळती होणारी, टोक लांब, जाडी मात्र बेताची. वजन कमी करायला पाठीजवळ खोबण. या तलवारी माणसाने उचलायच्या होत्या आणि घडवणाऱ्याने त्याचा हिशेब केला होता.

पुढे लढाईची रीत बदलली. पायदळाच्या दाट रांगा आल्या, भाल्यांना महत्त्व आले आणि तलवार कमरेतून झटकन उपसता येणे गरजेचे झाले. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने कमरेला लावायच्या तलवारीची लांबी कायद्यानेच तीन शाकूंच्या आत आणली. तेव्हा जुन्या, उत्तम पोलादाच्या लांब तलवारी फेकून न देता कापून घेतल्या गेल्या. या कापण्याला 'सुरिआगे' म्हणतात. कापतात ती टोकाकडून नव्हे, मुठीकडून, कारण टोकाची कडक धार एकदा गेली की पुन्हा आणता येत नाही. खाच वर सरकवायची, पात्याचा खालचा भाग नवे नाकागो म्हणून वापरायचा आणि जुने नाकागो कापून टाकायचे. लोहाराचे नाव आणि साल कोरलेले असते ते नेमके याच तुकड्यावर. तलवार वापरात राहते आणि तिचे नाव जाते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फुकुओका शहराच्या संग्रहालयात आहे. ओदा नोबुनागाची 'हेशिकिरी हासेबे' ही राष्ट्रीय ठेव. अपराध करून फडताळाखाली लपलेल्या सेवकाला नोबुनागाने वरून तलवार दाबून कापले, म्हणून 'दाबून कापणारी', अशी आख्यायिका. आज तिचे पाते फक्त ६४.८ सेंटिमीटर आहे. पण रुंदी आणि लांबलेले टोक पाहिले की ती चौदाव्या शतकातली मोठी तलवार होती हे कळते. मूळ नाव कापले गेले. घडवणारा हासेबे कुनिशिगे, हे होन'आमी या पारखी घराण्याने पाते पाहून ठरवले आणि नाकागोवर सोन्यात भरले.

म्हणून मी म्हणतो की लांब तलवारींचा इतिहास फक्त लांब तलवारींत शोधणारा अर्धाच इतिहास पाहतो. अखंड उरल्या त्या बहुतेक देवाच्या दारी गेलेल्या. लढाईतल्या असंख्य तलवारी कताना होऊन आपल्यासमोरच आहेत, फक्त त्यांना कोणी लांब म्हणत नाही. त्या ओळखायच्या खुणा आहेत. मूठ पक्की करण्यासाठी नाकागोला बांबूच्या खिळीचे एक भोक असते. दोन-तीन भोके दिसली तर खाच एकापेक्षा अधिक वेळा सरकली असण्याचा संभव. पात्यावरची खोबण नाकागोतून थेट खाली कापलेल्या कडेपर्यंत गेली असेल, तर ती मुळात आणखी पुढे जात होती.

उलट, बाजारात साडेतीन शाकूंची, एकच भोक असलेली, स्वच्छ नावाची तलवार दिसली तर संग्राहकाने आधी थांबावे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुइशिन्शि मासाहिदे आणि त्याच्या अनुयायांनी जुन्या घडणीकडे वळण्याचा आग्रह धरला आणि चौदाव्या शतकाच्या घाटाच्या मोठ्या तलवारी पुन्हा घडू लागल्या. त्या अस्सल जपानी आहेत, सुंदरही आहेत, पण त्यांचे वय चारशेहून अधिक वर्षांनी कमी आहे.

१८७६ मध्ये तलवार बाळगून फिरण्यावर बंदी आली. १९४५ नंतर तर विजेत्या सैन्याने तलवारी शस्त्रे म्हणून गोळा केल्या. असंख्य नष्ट झाल्या, असंख्य सैनिकांच्या सामानातून परदेशी गेल्या. होम्मा जुन्जी आणि सातो कान्झान यांच्यासारख्या जाणकारांनी रदबदली करून कलावस्तू म्हणून त्यांना वाचवले. आज जपानात प्रत्येक जुन्या तलवारीला नोंदणीपत्र असते. त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या आणि नाव लिहिलेले असते, आणि ते पत्र मालकाबरोबर नव्हे, तलवारीबरोबर जाते.

शेवटची गोष्ट नाकागोवरच्या गंजाची. पाते आरशासारखे घासतात, पण नाकागोवरच्या काळ्या गंजाला कोणी हात लावत नाही. त्याचा रंग आणि पोत पाहूनच पारखी शतक सांगतो. गंज काढला की तलवारीची साक्ष गेली. हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले.

कारण माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, एक फिरंगी होती. सरळ, लांब पात्याची. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. अशी कितीतरी पाती युरोपातून आली आणि इथे त्यांना मुठी बसल्या. मी नोकरीला लागलो त्या वर्षी मामा म्हणाले, "तू कारखान्यात आहेस, जरा उजळून दे." मी ती एमरी लावून बफवर धरली. मुठीजवळच्या खोबणीत अक्षरांसारख्या पाच-सहा खुणा होत्या. त्या कोणीही कधी उतरवून घेतल्या नव्हत्या. अर्ध्या तासात पाते लखलखीत झाले आणि खुणा गेल्या. मामा खूश झाले. तलवार अजून भिंतीवर आहे. नवीनच दिसते, असे पाहुणे म्हणतात. ती कोणत्या गावच्या लोहाराची, हे सांगू शकणारी एकच गोष्ट तिच्यावर होती आणि ती माझ्या हाताने पुसली गेली.

म्हणूनच बहुधा मी तलवारी नव्हे, ठसे जमवतो. कापलेल्या तलवारीची आकृती काढताना हल्ली मी कागद कडेपाशी संपवत नाही. नाकागोखाली वीतभर जागा सोडतो आणि गेलेल्या भागाची रेघ तुटक काढतो. किती लांब काढायची हे अंदाजाचेच असते. नावाची जागा मात्र कोरी ठेवतो.

घरात ज्यांच्याकडे जुने शस्त्र आहे, त्यांना या दिवाळीत एवढीच विनंती: उजळायला काढण्याआधी त्याच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. मग हवे ते करा.